आईला दिसलेलं करमाड

आमची हर्सूलची ख्रिस्ती मंडळी लहान, आणि उपासनेचा हॉल त्याहून लहान. नवं, मोठं चर्च बांधावं असं बहुतेकांच्या मनात होतं. पाळकसाहेब म्हणाले, "आधी देवाला विचारू." मग तीन शुक्रवार सगळ्यांनी उपास धरून प्रार्थना केली.

तिसऱ्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला काही सुचलं का?" माझी आई उठली. तिला लिहिता-वाचता येत नाही. मंडळीत ती तोवर कधी बोललीच नव्हती.

"डोळे मिटले की मला करमाड गावच्या त्या दोघी म्हाताऱ्याच दिसतात," ती म्हणाली. "दोन रिक्षा बदलून उपासनेला येतात बिचाऱ्या. चर्च मोठं केलं तर त्यांची वाट जवळ होणार हाय का? आपणच तिकडं जाऊ की."

पाळकसाहेब म्हणाले, "आमेन."

आता दर रविवारी दुपारी करमाडला, त्या दोघींपैकी एकीच्या ओसरीवर उपासना होते. ओसरी पुरत नाही, लोक अंगणात बसतात. पहिल्या दिवशी पाळकसाहेबांनी सुरुवातीची प्रार्थना आईलाच करायला सांगितली. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी, न विचारताच, सांगून टाकलं, "ती माझी आई हाय."