आईचा डॉक्टर भाऊ

आईला सख्खा भाऊ नव्हता. पारोळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरांनाच तिनं भाऊ मानलं आणि दर भाऊबीजेला ओवाळलं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ताप-खोकल्याला त्यांच्या हाताला गुण होता, आणि तेवढ्यावर सगळी गल्ली त्यांना देव समजायची.

पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली आई पुन्हा बाजूला बसू लागली, तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी आले होते. तिनं शिवाशिव पाळली, वेगळं ताट घेतलं, वेगळी गोधडी घेतली. शेजारणी चेष्टा करायच्या, “माय वं, तू ते जवान व्हई गयी!” आईही हसायची, पण कंबर धरून. मला ते हसणं बघवेना.

मी तिला मामांकडे नेलं. ती एवढंच म्हणाली, कंबर दुखते, थकवा येतो. शेवटी मीच तोंड घातलं, “मामा, तिला अंगावरून जातंय.” आईनं पदर तोंडावर ओढला. मामा चष्मा पुसत बसले. “उतारवयात होतं असं, अक्का. उष्णता असते.” लोहाच्या गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं. तपासायचं टेबल पडद्यामागे होतं, तिकडे दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही. त्या पडद्याचा मला अजून राग येतो. बाहेर आल्यावर मी चिडले, तर आईच माझ्यावर उखडली, “मना भाऊ शे तो! भाऊले असं कोनी सांगस का?”

भाऊबीजेला मामांना ओवाळता ओवाळता तिला भोवळ आली. मग मी कुणाचं ऐकलं नाही. तान्हं बाळ शेजारणीकडे ठेवून एसटीनं तिला धुळ्याला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि बराच वेळ नुसते हात धूत राहिल्या. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आजूबाजूला पसरलेला. “काही त्रास नसतानाही हे आधी कळू शकतं,” त्या म्हणाल्या. “पिशवीच्या तोंडावरून काडी फिरवायची, काचेवर घ्यायचं आणि तपासायला पाठवायचं. कुणीच सांगितलं नाही तुम्हाला?”

कोण सांगणार होतं?

आईनं उन्हाळा पाहिला नाही. माहेरचं शेवटचं लुगडं भावानं आणायचं असतं. मामा हिरवं लुगडं घेऊन आले आणि ओक्साबोक्शी रडले. त्यांच्यावर धड रागावताही येईना.

तेराव्याला मात्र मी विचारलंच, “मामा, ती काचेवरची तपासणी तुम्हाला ठाऊक होती?”

“कॉलेजात शिकलो होतो, बेटा. परीक्षेतही लिहिली होती. पण ते मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांचं काम. इथं कोण करतं?”

“मग मी करून घेऊ का?”

“तुला काही त्रास आहे?”

“नाही.”

“मग कशाला उगीच?” त्यांनी मायेनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “अशक्त दिसतेस फार,” म्हणाले, आणि खिशातून काढून त्याच लोहाच्या गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या.