टाकीवरचा शिक्का

पोस्टात पार्सलावर लाख वितळते, त्या वासासरशी मला राजूर घाटात अडलेली आमची जीप आठवते. मी तेव्हा घरात नवी सून. दुसरं महायुद्ध संपल्यावर सासऱ्यांनी लष्कराची जुनी, चारही चाकांनी ओढणारी जीप घेतली होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि ड्रायव्हर ते विकतो असा सासऱ्यांना दाट संशय. म्हणून मलकापूरहून निघताना त्यांनी ड्रायव्हरच्या बैठकीखालच्या टाकीचं झाकण लाखेनं बंद केलं आणि अंगठीचा शिक्का मारला. घाटात गाडी गचके देत बंद पडली. ड्रायव्हरने प्लग पुसले, नळी फुंकली. “पेट्रोल येऊन नाही राह्यलं,” तो म्हणाला. “येईन कुठून? इकलं असशीन,” म्हणत सासऱ्यांनी शिक्का फोडला. झाकण फुस्स करून उघडलं. टाकी भरलेली होती आणि गाडी लगेच सुरू झाली. त्यांनी लांब उभं राहून लाख तापवली, पुन्हा शिक्का मारला. वरच्या वळणावर गाडी पुन्हा बंद. आता त्यांना ड्रायव्हरने करणी केल्यासारखं वाटू लागलं. तेव्हा मागे माझ्याशेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “घासलेटाच्या डब्याले आपण दुसरं भोक काऊन पाडतो? हवा आत गेल्याबिगर तेल निंगते का?” सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं. झाकणात बारीक भोक होतं, लाखेनं बुजलेलं. ते त्यांनी टाचणीनं मोकळं केलं आणि शिक्का कडेला पुन्हा मारलाच. बुलढाण्यापर्यंत गाडी अडली नाही. आज पेट्रोलपंपावर मी गाडीतून उतरून आकडे बघते. नातू म्हणतो, आजी, कुणावर तरी विश्वास ठेव. ठेवते की, त्या भोकाएवढा.