तलावाकाठी टेम्पोत मुक्काम

संक्रांत जवळ आली होती. रविवारी दुपारी जेवणं आटोपून आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो होतो. माझी लेक मोबाइलवर काहीतरी बघत होती. एकदम उठून तिनं तो मोबाइल तिच्या बाबांच्या नाकासमोर धरला. कुठल्यातरी परदेशातलं कुटुंब होतं. त्यांच्या गाडीतच बिछाना, गाडीतच चूल, आणि गाडी तलावाच्या काठी उभी.

"बाबा, आपल्याकडं टेम्पो हाय की. आपण बी जाऊ."

माझा नवरा टेम्पो चालवतो. बिदरजवळच्या कोळारच्या गोदामांतून माल भरायचा आणि हुमनाबादपर्यंतच्या दुकानांत टाकायचा. मी गावातल्याच शाळेत शिकवते. सुट्टी म्हणजे घरातली राहिलेली कामं, एवढंच आम्हाला माहीत. पण त्या दिवशी हे म्हणाले, "जाऊ की. अक्काच्या शेतात."

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. तिला कारंजा धरणाच्या काठच्या गावात दिलंय. तिचं शेत उतरत उतरत थेट पाण्यापर्यंत जातं. जागा तर घरचीच होती.

खाटेवरून सासरे, आमचे अप्पा, हसले. साधं न्हाई, खोचक हसले. पुणे-हैदराबाद रस्त्यावर अर्धा जन्म लॉरी चालवलेला माणूस.

"ज्याला घर न्हाई तो गाडीत झोपतोय. मी झोपलो तेवढं बास. तुमी मजेला झोपणार व्हय?"

"आपण येळवशीच्या सणाला शेतात जेवतोच की अप्पा," मी म्हणाले. "संध्याकाळी परत यायच्या ऐवजी तिथंच राहायचं."

"मी येत न्हाई."

मग दारात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई बोलल्या. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मी येते."

अव्वा आमच्यासोबत बिदरलासुद्धा नाइलाजानं येतात. अप्पा उठून बसले.

"तू? गाडीत झोपणार?"

"कामून न्हाई? लग्न झाल्यापास्नं तुमच्या लॉरीचं नुसतं मागचं फळकूट बघितलंय. एकदा म्हणले होते, मला बी न्या. तर म्हणालात, बायामाणसांचं काम न्हाई."

"कधी म्हणालो मी असं?"

शेंगा फुटत राहिल्या. जायचं मात्र त्याच वेळी पक्कं झालं.

खरी अडचण आली ती फोनवर. अक्काला सांगितलं तर ती रडायच्या बेतात.

"माझं घर असताना माझे आईबाप गाडीत झोपणार? गाव काय म्हणंल? लेकीनं घरात घेतलं न्हाई म्हणतील की!"

हे समजावून थकले, मी समजावून थकले. शेवटी माझ्या लेकीनं फोन घेतला आणि म्हणाली, "आत्या, तूच ये आमच्या गाडीत झोपायला." अक्काला हसू फुटलं. तडजोड अशी ठरली की रात्री आमचं आम्ही बघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण मात्र तिच्या घरी, पुरणपोळीसकट.

दुसरी अडचण अव्वांची. सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय त्या पाणीसुद्धा तोंडात घेत न्हाईत. उघड्या रानात अंघोळ कुठं करायची? मी म्हणाले, चार बांबू रोवू आणि माझ्या जुन्या साड्या गुंडाळू. ह्यांनी अंगणात तसा आडोसा उभा करून दाखवला. अव्वा आत जाऊन उभ्या राहिल्या, चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि म्हणाल्या, "वरून कावळे बघतील तेवढेच." पसंत पडला म्हणायचा.

हे सगळं चाललं होतं तेव्हा अप्पा खाटेवरून टीका करत होते. गाद्या आडव्या टाकल्या तर म्हणाले, "उभ्या टाका, पाय अडकतेत." पाण्याचा ड्रम मागं ठेवला तर म्हणाले, "पुढं बांध, चढाला गाडी मागं वढती." शेवटी आमचं काम बघवेना म्हणून उठलेच. माळ्यावर चढले आणि धुळीनं माखलेलं एक पोतं खाली घेऊन आले. त्यात एक जर्मनचं पातेलं होतं, बाहेरून काळंकुट्ट, आतून घासून पातळ झालेलं. एक पळी होती आणि मिठाचा डबा.

"हे काय?" अव्वांनी विचारलं.

"माझं सामान. लॉरीतलं."

"तुमी सैपाक करत होता?"

"तर काय, रोज धाब्यावर जेवलो व्हय?"

अव्वा त्या पातेल्याकडं बघतच राहिल्या. माझ्या लग्नापासून मी अप्पांना स्वतःच्या हातानं पाणी घेतानाही क्वचित बघितलेलं. अव्वांनी तर जन्मभर ताट वाढलेलं. त्यांनी पातेलं हातात घेतलं, आतून बोट फिरवलं, आणि राखेनं घासायला घेऊन गेल्या. त्यानंतर अप्पा येणार का, हे कुणी विचारलं न्हाई.

निघालो त्या दिवशी हवा गार आणि लख्ख होती. हे चालवत होते, शेजारी अप्पा. मी, लेक आणि अव्वा मागं गाद्यांवर. सोबत कडक भाकरींचा ढीग, शेंगाचटणी, तिळगूळ. अक्काच्या शेताच्या कोपऱ्यावर डांबरी रस्ता संपतो. तिथनं पाण्यापर्यंत बैलगाडीची वाट. ह्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरले.

"अप्पा, हितनं तुमी घ्या. आन् अव्वा, तू पुढं ये."

अव्वा नको नको म्हणत पुढं बसल्या. आम्ही तिघं गाडीमागं चालत निघालो. तूर नुकतीच काढलेली, रान मोकळं. समोर ना माणूस ना जनावर, तरी अप्पांनी हॉर्न वाजवला. मग परत वाजवला. आतून अव्वांचा आवाज आला, "अय्यय्यो, हळू!" आणि मागोमाग दोघांचं हसणं. मी त्यांना आधी कधी एकत्र हसताना ऐकलं होतं का, आठवेना.

पाण्याकाठी पोचल्यावर ताडपत्री बांधायचं काम अप्पांनी स्वतःकडं घेतलं. "आमची गाठ वादळात सुटत न्हाई," असं म्हणेस्तोवर वारा आत शिरला, ताडपत्री फुगली आणि गाठीसकट उडाली. हे आणि लेक पाण्याच्या कडेकडेनं तिच्या मागं धावले. कडेचे बगळे एकदम उठले. अप्पा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "गाठ सुटली न्हाई, दोरी तुटली." आम्ही मान्य केलं.

मग त्यांनी तीन दगड मांडले, अक्काच्या शेतातल्या तुराट्या पेटवल्या आणि पातेलं चढवलं. मी कांदा चिरायला हात पुढं केला तर म्हणाले, "सरक. ही माझी लॉरी हाय." अव्वा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. रिकामे हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. टमाटे, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, असा लालभडक रस्सा आणि भात. दिवस मावळताना अप्पांनी पहिलं ताट अव्वांसमोर ठेवलं.

त्यांनी एक घास खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो.

"मीठ कमी हाय," अव्वा म्हणाल्या. आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवता जेवता त्यांनी विचारलं, "असंच बसून जेवत होता व्हय, एकटंच?"

"कधी क्लीनर असायचा. न्हाईतर एकटाच." अप्पा विस्तवात काडी सारत राहिले. मग म्हणाले, "नेलं न्हाई म्हणतीस. आत भट्टी असायची. डिझेलचा वास, बसायला धड जागा न्हाई. तुला दाखवण्यासारखं काय होतं त्यात?"

"मला कुठं बघायचं होतं?" अव्वा म्हणाल्या. "मला नुसतं बसायचं होतं तुमच्या बाजूला."

अप्पांनी अव्वांच्या ताटात आणखी भात वाढला. मी लेकीला घेऊन पाण्याकडं गेले, हेही उठले.

परत येतो तर अक्का हजर! तिच्या नवऱ्याच्या, दाजींच्या मोटरसायकलवर मागं बसून, मांडीवर डबा घेऊन आली होती. "काय शिजवलंय ते बघायला आले," म्हणाली. तिनं बापाच्या हातचा रस्सा चाखला, आईकडं बघितलं, आणि घरी चला हा विषय काढलाच न्हाई.

सकाळी उठले तेव्हा पाण्यावर धुकं होतं. साड्यांच्या आडोशात अंघोळ करून अव्वा बाहेर आल्या. पाण्याकडं तोंड करून बसल्या, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, आणि बराच वेळ पूजा केली. तेवढा वेळ अप्पांनी चहाचं आधण नुसतं उकळत ठेवलं होतं, त्यात पत्ती टाकली नव्हती. त्या उठल्यावर टाकली.

दुपारी अक्काकडं पोटभर पुरणपोळी झाली आणि आम्ही निघालो. परतताना अव्वा पुढंच बसल्या, कुणी सांगायची गरज पडली न्हाई. अप्पा आमच्यासोबत मागं गादीवर आडवे झाले आणि गाव मागं पडायच्या आत घोरायला लागले.

आता गल्लीतल्या बायका अव्वांना विचारतात, तिथं एवढं काय होतं. अव्वा सांगतात, "पाणी होतं, वारं होतं, आन् सैपाक मला करावा लागला न्हाई." हे ऐकून शेजारच्या दोघींनी पुढच्या वेळी यायचं पक्कं केलंय. टेम्पोत एवढ्या गाद्या कशा मावायच्या, याचं माप अप्पा सध्या घेताहेत.