वशिंड नसलेल्या गायी

"हिनं गाय तरी जवळून पाहिलीय का?" काका हळूच म्हणाले. पण शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं.

मी टांगलेल्या पडद्यामागे खालची शिवण घालत बसले होते. लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या आमच्या मराठी मंडळाचं नाटक शनिवारी होतं. त्यातलं साताऱ्याकडचं गाव मी जुन्या चादरी जोडून रंगवलं होतं. नाटक काका, म्हणजे मंडळातले सगळ्यांचे काका, बसवत होते, कपडेपट त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे होता.

"गायींना वशिंडच नाही. आणि अख्ख्या गावाला कावीळ झालीय. फ्लेक्स छापून घेऊ. हिरवीगार शेतं, नारळ-बिरळ."

"अहो, साताऱ्यात नारळ कुठले?"

"ते बघू गं. तिला तूच सांग. कॉन्व्हेंटची पोरगी, मनाला लावून घेईल."

मी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढले. शाळेत मराठी एका तासापुरतं. आमचं गावचं घर माझ्या जन्माआधीच विकलेलं. मंडळात मी कमी बोलते, म्हणजे चुकणंही कमी. या पडद्यावर मात्र मी मनातलं सगळं ओतलं होतं, आणि तो उतरवला तर पुन्हा ब्रश हातात धरणार नाही हे मला कळत होतं.

तो पिवळा उजेड मी लंडनमधल्या एका डच चित्रातून घेतला होता. कितीतरी रविवारी ट्रेननं जाऊन त्याच्यासमोर बसले होते. कलता सूर्य, लाल कोटातला गुराखी, गायी, मागे धुरकट डोंगर. हॉलंडमध्ये डोंगर नाहीत. तेव्हाचे कितीतरी डच चित्रकार इटलीला जाऊन तिथला उजेड घेऊन आले. हा चित्रकार तर गेलाही नव्हता. तिथून परत आलेल्यांची चित्रं बघून शिकला आणि इटलीचं ऊन त्यानं आपल्या घरच्या नदीवर, घरच्या गायींवर पाडलं. त्यालाही कुणीतरी हटकलं असेल. चित्र अजून भिंतीवर आहे.

त्याच्या गायीही मी तशाच उचलल्या होत्या, पाठ सपाट. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकांचं तेवढं खरं होतं आणि म्हणूनच कान तापले.

एरवी मी ते जाईपर्यंत थांबले असते, "इट्स फाइन" म्हणत स्वतःच पडदा गुंडाळला असता. काकूंनी हाक मारली, "अगं, जरा बाहेर येतेस का?" त्यांच्या आवाजात आधीच समजूत घालणं होतं.

सुई हातात तशीच धरून मी पुढे आले. काका पडद्याच्या दोरीची गाठ चाचपत होते. मी त्यांच्या आणि दोरीच्या मध्ये उभी राहिले.

"गायींना वशिंडं रंगवते, काका," मी म्हणाले. "उजेड मात्र हाच राहील."