रानपिंगळा आणि गेरूच्या पट्ट्याची कढई

मार्चचा दुसरा रविवार, सकाळी सात. हजर: मी, माझ्या लेकीच्या वयाची वनरक्षक, आणि डिंक काढणारे एक मामा. मामांना बोलावलं नव्हतं. ते आमच्याआधीच झाडापाशी होते.

लोणखेड्याहून दर महिन्याला मी या डोंगरात रानपिंगळ्याच्या नोंदी घ्यायला येते. पांढऱ्या सालीच्या जुन्या कढईच्या झाडाच्या ढोलीत तो घरटं करतो. फेब्रुवारीत ढोली असलेल्या सहा कढयांना मी गेरूचा पट्टा ओढला होता. अर्थ साधा: पिंगळ्याचं झाड, हात लावू नका.

त्यांतल्या दोन झाडांची साल आता कुऱ्हाडीने सोलली होती. घावांवर डिंक लोंबत होता.

"मामा, हे काय केलं?"

"खूण तुमचीच ना, बाई?"

पूर्वी डिंकाचा मुकादम तयार झाडाला गेरू लावून जायचा. गेरू असेल त्याच झाडाला घाव, बाकीच्यांना विसावा. "किती वर्षं झाली, कोणी खूण करायला आलं नाही. म्हटलं, बाईंना झाडातलं कळतं."

"मॅडम, तुमची मुकादम म्हणून बदली झाली," वनरक्षक म्हणाली. मला हसू आलं नाही.

पिंगळा शेजारच्या वाळक्या फांदीवर शेपूट हलवत बसला होता. हा पक्षी संपला असं धरलं होतं, आणि तो पुन्हा दिसला. पक्ष्याचं तसं होऊ शकतं; इथे नसेल तर पलीकडच्या नाल्यात असेल, अशी आशा धरता येते. कढई होती तिथे नसली, की नसतेच. माझ्या वहीत पिंगळ्याची पानंच्या पानं आहेत. प्रत्येक कढईला एक ओळ: घेर, ढोलीची उंची.

मामांनी घावात अंगठा दाबला. "खोल गेला. नजर अधू झाली माझी. जगेल का ते पावसाळ्यानंतर कळेल." याच झाडाच्या ढोलीत पिल्लं होती.

पट्टे पुसायला घेतले. पावसात जाऊ नये म्हणून गेरू मी जवसाच्या तेलात कालवला होता. घासला की कढईची पातळ सालच सुटून येई. "वरून माती थापा," मामा म्हणाले. आम्ही तिघांनी अलीकडच्या तीन झाडांवर ओली माती थापली. तोवर पाणी संपलं.

मामा सोडून डिंक काढणारे आणखी दोन पाड्यांत आहेत. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि नाल्यापलीकडच्या तीन कढयांवर पट्टे तसेच आहेत.