दादाने जोडायला घेतलेलं शेवटचं मशीन

माझा थोरला भाऊ कॉम्प्युटर जोडून द्यायचा. दाताच्या दवाखान्याखाली त्याचं दोन खोल्यांचं दुकान होतं. वरून ड्रिलचा आवाज आला की आमची गिऱ्हाइकं आपसूक गालाला हात लावायची. पुढे काउंटरवर मी आणि आत टेबलाशी दादा. गेम खेळणाऱ्या पोरापोरींत त्याचा दबदबा होता. कुणी तयार मशीन घ्यायचं म्हणालं की तो चष्म्यावरून बघायचा. "दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालशील का?"

मग चौकात मोठी शोरूम उघडली. खोक्यातून काढा, वायर लावा, खेळायला बसा. आमच्याकडची वर्दळ हळूहळू आटली.

त्याच सुमारास दादाच्या उजव्या हाताला कंप सुटला. पहिली चुगली केली ती बशीने. कप ठेवताना ती खुळखुळायची. मी डॉक्टरांचा विषय काढला तर म्हणाला, "चहा कमी करतो." चहा कमी झाला, कंप काही कमी झाला नाही. पुढे तो पाण्याचा ग्लासही अर्धाच भरून घ्यायला लागला. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, दादा, त्याची मुलगी आणि मी. तिघांनाही दिसत होतं आणि तिघंही गप्प होतो.

भाचीची कॉलेजच्या गेमिंग टीममध्ये निवड झाली, तेव्हा तिला चांगलं मशीन हवं झालं. दादाची कळी खुलली. जेवता जेवता त्याने कॅबिनेट कोणतं, ग्राफिक्स कार्ड कोणतं, सगळं ठरवूनही टाकलं.

"बाबा, तयारच घेऊ या ना," ती ताटाकडे बघत म्हणाली.

दादाचा घास हातातच राहिला. "माझ्या घरात? तयार?"

"एकच वॉरंटी असते. बिघडलं तर एकाच नंबरवर फोन करायचा."

"आणि आत काय भरलंय ते कोण बघणार? वीज पुरवणारा एसएमपीएस फुसका, मदरबोर्ड असा विचित्र की उद्या दुसरा काही बसणारच नाही. आणि मी काय मेलोय का?"

तिने ताट उचललं. भांडी घासताना मी तिला म्हटलं, "खरं कारण सांगून टाक त्याला."

"आत्या, तू सांगशील?"

मीही नळ मोठा सोडला.

सुटे भाग आले. रविवारी सकाळी दादाने घरचंच टेबल पुसून घेतलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. भाची शेजारी उभी होती. कॅबिनेटचे स्क्रू, वायरी, सगळं नीट झालं. कोपर टेबलाला टेकवून तो सावकाश काम करत होता, मधून मधून जुन्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगत होता. भाची खळखळून हसली, तेव्हा मला वाटलं, आपण उगाच भ्यायलो.

प्रोसेसर बसवायचा राहिला होता. मदरबोर्डवर एका चौकोनात केसांसारख्या बारीक पिना असतात, त्यांवर तो अलगद ठेवायचा असतो. ठेवायचा म्हणजे सोडायचा, दाबायचा नाही. दादाने श्वास रोखला. हात नेमका तिथेच उडाला. प्रोसेसर कोपऱ्यावर पडला, तो सावरायला गेलेलं बोटही पिनांवरून घसरलं.

तिघंही वाकून बघत राहिलो. एक कोपरा पार आडवा झाला होता.

दादाने चिमटा मागितला. एक पिन सरळ करताना शेजारच्या दोन वाकल्या. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

"बाबा, मी करू?"

"नको."

"मला जमेल. तुमच्याकडूनच शिकलेय."

"नको म्हटलं ना!" तो ओरडला. मुलीवर तो असा कधी ओरडला नव्हता. चिमटा ठेवून तो मोरीत गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, "शोरूम आज उघडी असते ना? जाऊन या दोघी."

तयार मशीन घरी आलं. दादाने ते चालू होताना पाहिलं नाही. डॉक्टरांकडे मात्र आता निमूट आला. आजाराला नाव मिळालं. गोळ्यांनी कंप थोडा दबला, पण तेवढाच.

काही आठवड्यांनी भाचीचं मशीन ऐन सामन्यात बंद पडलं. दादा बाहेरच्या खोलीत बसलेला होता, पण ती त्याच्याकडे आली नाही. दार लोटून तिने कंपनीला फोन लावला. स्पीकरवरचं तेच ते संगीत बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. दादा खुर्चीतून अर्धवट उठला, दाराकडे दोन पावलं गेला आणि परत येऊन बसला. मी म्हटलं, "जा की आत."

"तिने बोलावलं नाही," तो म्हणाला.

आत जाऊन मी भाचीला विचारलं, तर तिचे डोळे भरलेले. "कसं बोलावू, आत्या? त्यांना उघडावंसं वाटेल, आणि पुन्हा हात..."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि मशीन उचलून घेऊन गेला. दादाने त्याला पाणी विचारलं, दार उघडून धरलं. काय बिघडलं असेल, हे मात्र त्याने विचारलं नाही. मशीन दुरुस्त होऊन आलं, पुढे भाचीबरोबर वसतिगृहात गेलं. ती फोन करते तेव्हा दोघं जेवणाखाणाचं बोलतात, तब्येतीचं बोलतात. सामने कसे झाले, हे ती मला वेगळं सांगते.