चकचकीत बाजू

सकाळी अकरा पस्तीसला टाचणी शिडीवर होती, ओठांत तीन टाचण्या. बोलतानाही ती त्या काढत नाही, म्हणून हे नाव. वीस वर्षं ती घरोघरी पडदे शिवून लावते. वर्षभरापासून उन्हावर वीज करणारेही. या पडद्यांच्या एका बाजूला काळ्या, चकचकीत पट्ट्या असतात. त्यांची वायर खोलीतल्या बॅटरीच्या पेटीत जाते. कापड टाचणीचं, वायर तिच्या नणंदेची.

नणंदेनं मीटर लावला. शून्य.

"वहिनी, सूर्य बाहेर असतो. यांच्या दिवाणखान्यात नाही."

पट्ट्या खोलीकडे आल्या होत्या. पडद्याची देखणी बाजू खोलीकडे, ही हातांची वीस वर्षांची सवय. टाचणी हसली आणि हसता हसता थांबली. टाचण्या तिनं तळहातावर काढल्या.

"परवा मास्तरांकडे मी एकटीच गेले होते."

परवा नणंद तापानं पडून होती आणि मीटर तिच्या पिशवीत होता. टाचणीनं तिन्ही खिडक्यांचे पडदे लावले, वायरी जोडल्या, तपासणी राहिली. मास्तरांच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, श्वासासाठी सतत यंत्र लागतं. यंत्र लहान, पण थांबून चालत नाही. आज बारा ते दोन दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार होती. पडदे घेतले होते ते अशाच वेळेसाठी. "किती छान चमकतायत," असं बाई परवा म्हणाल्याही होत्या.

टाचणीनं फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. मास्तरांना ऐकायला कमी येतं.

स्कूटर नणंदेनं काढली. एरवी प्रत्येक वळणावर "हळू गं" म्हणणारी टाचणी आज मागून "पळव गं" म्हणत होती.

पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. दार मास्तरांनी उघडलं. आत पेटी टूं टूं करत होती, तिच्यावर लाल दिवा.

"चालू आहे की," मास्तर म्हणाले. "परवापासून लाल आहे."

"मास्तर, लाल म्हणजे पेटी उपाशी! आतली उरलीसुरली वीज चाललीय," नणंद म्हणाली.

बाईंनी पलंगावरून हात वर केला.

पडदा फिरवून टांगायचा तर हुकांची पट्टी उसवून दुसऱ्या बाजूला शिवायला हवी. टाचणीनं पडदा हुकांसकट ओढून काढला, खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि चकचकीत बाजू काचेला लावून दोन्ही हातांनी दाबून धरला. दुसरा नणंदेनं धरला. तिसरा मास्तरांनी, कुरकुरत.

दिवा लालच. टूं टूं चालूच.

"ढग आलाय," मास्तर म्हणाले. यंत्राची धाप ऐकू येत होती. बाईंची नजर पेटीवर होती.

ढग सरला. आवाज थांबला. दिवा पिवळा झाला.

"वहिनी, आता हात खाली घेतलास तर बघ."

"तुझं तू धर. कोपरा सुटलाय तुझा."

दोनपर्यंत तिघं खिडक्यांना चिकटून उभी होती. वीज आल्यावर टाचणी खाली बसली, हात चोळले आणि हुकांची पट्टी उसवायला घेतली. बाईंनी नाकातली नळी सारखी केली.

"म्हणजे चमक आता समोरच्यांनाच दिसणार," त्या म्हणाल्या.

उद्याही बारा ते दोन वीज बंद आहे. साडेअकराला टाचणी मास्तरांच्या दारात असेल. मीटर आता तिच्या पिशवीत आहे.